द्रव्यशुद्धी आणि सुरत : घरगुती शोधनविद्येचा एक अध्याय

मराठी वाचकाच्या मनात सुरत म्हटले की १६६४ व १६७० ही दोन सने आपोआप उभी राहतात. शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्यांमुळे हे बंदर आपल्या इतिहासात कायमचे नोंदले गेले, आणि त्या स्वाऱ्यांची वर्णने वाचताना आपले लक्ष साहजिकच सोने, रुपे व जवाहीर ह्यांकडे जाते. परंतु ही संपत्ती काही सुरतेच्या भूमीत पिकत नव्हती. ती व्यापारातून येत होती, आणि त्या व्यापारात कापडाचे स्थान फार मोठे होते. इंग्रजांनी १६१३ च्या सुमारास येथे वखार घातली व त्यांच्यामागून डच आणि फ्रेंच आले, ते गुजरातेतील सुती कापडावर व निळीवर डोळा ठेवूनच. मागावरून उतरलेले कोरे कापड मळकट, पिवळसर असते. ते शुभ्र होऊन गठ्ठ्यात बांधले जाईपर्यंत त्याच्यावर जे संस्कार होत, त्यांसाठी लागणारी द्रव्ये कोणत्याही गृहिणीच्या स्वयंपाकघरात किंवा परसात सापडावीत अशी होती : राख, खार, शेण, लिंबू आणि ऊन. साऱ्या जगाला कापड पुरवणाऱ्या शहराची भिस्त अशा साध्या वस्तूंवर होती, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

अलीकडे घरगुती द्रव्यांविषयी समाजात नवा उत्साह दिसून येतो. फरशीला सोडा, भांड्यांना लिंबू, केसांना रिठा-शिकेकाई, सर्दीला हळद व सुंठ, असे उपदेश सर्वत्र ऐकू येतात. एका पिढीने मागासलेपणाची खूण म्हणून ज्या वस्तू घराबाहेर काढल्या, त्याच दुसरी पिढी गौरवाने आत आणीत आहे. ह्या दोन्ही वृत्ती वरवर परस्परविरुद्ध भासल्या तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोघींनीही वस्तूचे नाव तेवढे पाहिले. ती वस्तू कोणत्या कामी, कोणत्या क्रमाने व किती मापाने वापरावी, ह्याचा जो विचार पूर्वीच्या लोकांनी केला होता, तो दोघींच्याही दृष्टीआड झाला. तो विचार कोणता, त्याचे पुढे काय झाले आणि आज त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय, हे सुरत व तिच्या परिसराच्या आधारे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

झां-बातिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला आणि दर खेपेस व्यापारी माणसाच्या चिकित्सक नजरेने त्याने येथील माल पाहिला. १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात पांढऱ्या कापडाविषयी एक लहानसा पण मोलाचा उल्लेख आहे. ठिकठिकाणचे कोरे कापड धुलाईसाठी नवसारीस व भडोचेस आणले जाई. कारण त्या दोन्ही ठिकाणी कापड पसरायला विस्तीर्ण माळ होते आणि आसपास लिंबांचे पीक मुबलक होते. लिंबाच्या पाण्यातून काढल्यावाचून कापडाला खरी शुभ्रता येत नाही, असे त्याने स्पष्ट नमूद केले आहे. नवसारी सुरतेच्या दक्षिणेस दहा-एक कोसांवर आहे. पुढे हा मुलूख गायकवाडांच्या राज्यात गेला व बडोदे संस्थानचा एक प्रांत म्हणून राहिला, म्हणजे मराठी राज्यकारभाराशीही त्याचा संबंध आला.

लिंबाने काय होत असे, हे समजण्यासाठी देशी धुलाईची सर्वसाधारण रीत ध्यानात घेतली पाहिजे. प्रथम कापड भिजवून त्याला सज्जीखाराचे अथवा खाऱ्या मातीचे पाणी देत. काही ठिकाणी शेणाच्या पाण्यातही ते मुरवीत. मग परटाच्या भट्टीवर रात्रभर वाफ देऊन सकाळी ते नदीवर आपटून धूत आणि ओलसर ठेवून उन्हात पसरीत. ही कृती एकदाच करून भागत नसे. पुन्हा खार, पुन्हा वाफ, पुन्हा ऊन, असे फेरे होत. शेवटी कापड आंबट पाण्यातून काढून वाहत्या पाण्यात स्वच्छ करीत. आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत ह्या प्रत्येक पायरीचे कारण सांगता येते. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, तो खाराने सुटतो. तंतूतील पिवळा रंग ऊन, ओल व हवा ह्यांच्या संयोगाने हळूहळू नष्ट होतो. परंतु खार तंतूत अडकून राहिला तर कापड पुन्हा पिवळे पडते व कमजोर होते. शिवाय पाण्यातील लोहाचे तांबूस डाग खाराने निघत नाहीत. लिंबातील आम्ल राहिलेला खार मारते आणि लोहाचे डागही विरघळवते. म्हणजे लिंबाचे काम शेवटचे होते, आणि ते शेवटी केले तरच त्याला अर्थ होता.

येथेच आजच्या एका प्रचलित सल्ल्याचा विचार करणे योग्य होईल. सोडा आणि लिंबू एकत्र कालवले की फेस उसळतो आणि पाहणाऱ्याला वाटते की मोठी शक्ती प्रकट झाली. वस्तुतः त्या उसळीत सोड्याने लिंबाला व लिंबाने सोड्याला निष्प्रभ केलेले असते. मोरीच्या तोंडाशी अडकलेला केरकचरा त्या बुडबुड्यांनी सैल होईलही. पण चिकटपणा काढण्याचा सोड्याचा गुण आणि डाग काढण्याचा लिंबाचा गुण हे दोन्ही त्या मिश्रणात बव्हंशी संपलेले असतात. नवसारीच्या परटाने रसायनशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते. तरी खार व आम्ल एकामागून एक द्यायचे, एकत्र द्यायचे नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते. विद्येचा गाभा त्या क्रमात होता.

हा विचार सतराव्या शतकात अचानक उगवलेला नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे जे प्रकरण आहे, त्यात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे ह्यांची शुद्धी क्षार, आम्ल व पाणी ह्यांनी, ज्याला जे योग्य ते पाहून करावी, असे सांगितले आहे. पुढे वस्त्रांविषयी तर अधिक बारकावा आहे : रेशीम व लोकर ह्यांना खारी माती, जाड लोकरी कांबळ्यांना रिठे, तलम अंशुपट्टांना बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या वस्त्रांना पांढरी मोहरी. ह्या निर्देशांतील प्रत्येक जोडी आज जशीच्या तशी स्वीकारावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘ज्याला जे योग्य ते’ हे त्यामागील सूत्र महत्त्वाचे आहे. सर्व डागांवर चालणारे एकच द्रव्य असू शकते, ही कल्पनाच तेथे नाही.

आपल्या स्वयंपाकघरातही हेच सूत्र नांदत होते. तांब्याचा हंडा चिंचेने व मिठाने घासायचा, कारण तांब्यावर चढलेला काळपट-हिरवट थर चिंचेच्या आम्लात विरघळतो. तेलकट तवा राखेने घासायचा, कारण राखेतील खार तेलाला धरतो आणि तिचे कण घासण्याचे काम करतात. सोनाराने दागिना उजळताना रिठ्याचे पाणी घ्यायचे, कारण रिठ्याचा फेस सौम्य असतो. पाणी जड असले तरी साबणासारखी साय त्याच्यावर धरत नाही. आणि जी चिंच तांब्याचे भांडे उजळते, तीच त्या भांड्यात शिजवली तर विष निर्माण करते. म्हणून भांड्याला आतून कल्हई हवी. कल्हई गेली की आंबट पदार्थ ‘कळकतो’. ‘कळकणे’ ह्या एका क्रियापदात आपल्या आजीपणजीचे सारे धातुविज्ञान साठवलेले आहे. पितळी भांडी गेली, कल्हईवाला गेला आणि त्यांच्यामागून तो शब्दही जवळजवळ गेला. आज नववीच्या वर्गात तो शब्द उच्चारला तर क्वचितच एखादा विद्यार्थी त्याचा अर्थ सांगू शकतो.

एक गोष्ट मात्र येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या ग्रंथांनी वस्तूंच्या शुद्धीचा इतका सूक्ष्म विचार केला, त्यांनीच माणसामाणसांत शुद्ध-अशुद्धाचा भेद पाडला. ज्या परटाच्या हातून वस्त्र शुभ्र होई, त्याला आपल्या समाजाने खालच्या पायरीवर बसवले. आणि ज्या स्त्रियांनी चिंच, राख व रिठा ह्यांचे ज्ञान पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्यांना ते लिहून ठेवण्याइतके अक्षरज्ञान आपण मिळू दिले नाही. नवसारीच्या लिंबांची नोंद फ्रेंच जवाहिऱ्याने केली. ज्यांनी ती लिंबे पिळली त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. घरगुती विद्या इतक्या लवकर विस्मरणात का गेली, ह्याचे एक उत्तर ह्यातच आहे. ती हातांत होती, कागदावर नव्हती. हात थांबले तशी तीही थांबली.

मग ही विद्या बाजारातून मागे का हटली? ती खोटी ठरली म्हणून नव्हे. युरोपातही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कापडाची धुलाई जवळपास अशीच होत होती. तेथे राखेचे पाणी, कुरणावरचे ऊन आणि लिंबाच्या जागी आंबट ताक होते. एकेका कापडाला कित्येक महिने लागत. १७५६ साली एडिंबरोच्या फ्रान्सिस होम ह्याने ताकाऐवजी सौम्य केलेले गंधकाम्ल वापरावे असे सुचवले, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. १७८५ साली बर्थोले ह्याने क्लोरीन वायूचा विरंजक गुण दाखवला, आणि १७९९ साली चार्ल्स टेनंट ह्याने चुन्यावर तो वायू धरून बनवलेल्या भुकटीचा एकाधिकार मिळवला. हीच आजची ब्लीचिंग पावडर. कापड गिरण्यांतून धबधब्यासारखे बाहेर पडू लागले, तेव्हा माळ, ऊन आणि लिंबू ह्यांना तेवढा वेगच नव्हता. तत्त्व मात्र तेच राहिले : आधी खार, मग विरंजन, मग आम्ल. निळीचेही तसेच झाले. एकोणिसाव्या शतकात युरोपात कृत्रिम ‘अल्ट्रामरीन’ तयार होऊ लागले, आणि आपल्या घरात पांढऱ्या कपड्यांना देण्यासाठी तेच ‘नीळ’ ह्या जुन्या नावाने आले. झाड गेले, खनिज आले, नाव मात्र राहिले.

ह्या संधिकाळात जुन्या व नव्या विद्येमध्ये दुवा होऊ शकेल असा एक पुरुष सुरतेनेच दिला, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्यांचा जन्म १८६३ साली सुरतेत झाला. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी सयाजीराव गायकवाड जन्मले, आणि पुढे बडोद्यात ह्या दोघांची गाठ पडली. बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक झालेल्या गज्जरांच्या प्रेरणेने १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन ही संस्था स्थापन केली. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या असे विषय तेथे शिकवले जात, आणि ते देशी भाषांतून शिकवावेत असा आग्रह होता. परंपरेने सुतारकी करणाऱ्या जातीत जन्मलेल्या माणसाला कारागिराची विद्या कारागिराच्या भाषेतच द्यावीशी वाटली, ह्यात आश्चर्य नाही. दादासाहेब फाळके पुढे चित्रपटसृष्टीचे जनक झाले, त्यांनीही काही काळ ह्याच कलाभवनात शिक्षण घेतले होते. १९०७ साली बडोद्यात उभ्या राहिलेल्या अलेंबिक ह्या रासायनिक कारखान्याच्या संस्थापकांतही गज्जर होते, आणि त्यांच्या जोडीस कोटीभास्कर हे मराठी प्राध्यापक होते.

गज्जरांची लोकांत सर्वांत अधिक प्रसिद्धी झाली ती मात्र एका डागामुळे. मुंबईच्या किल्ल्याजवळ व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. तो बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी देणगी म्हणून दिलेला असून १८७२ साली त्याचे अनावरण झाले होते. १८९६ साली चापेकर बंधूंनी त्या पुतळ्यास डांबर फासले. हे डांबर काढणे सोपे नव्हते. डांबर पाण्यात विरघळत नाही. खरवडावे तर दगडावर ओरखडे उठतात. आणि आम्ल लावावे तर डांबर जागच्या जागी राहून संगमरवरच झिजतो, कारण संगमरवर म्हणजे चुनखडीचेच एक रूप. नवसारीच्या कापडाला ज्या लिंबाने शुभ्रता दिली, त्या लिंबाने राणीच्या पुतळ्याची नासाडी केली असती. हे काम शेवटी गज्जरांनी यशस्वी करून दाखवले. जुन्या, पिवळट पडलेल्या मोत्यांना पुन्हा तेज देण्याची त्यांची कृतीही अशीच गाजली. मोतीदेखील चुन्याच्याच जातीचा पदार्थ, आणि लिंबाचा त्यालाही स्पर्श वर्ज्य. कापडाचे औषध ते मोत्याचे विष, हे ज्याला कळले त्यालाच शोधनविद्या कळली असे म्हणता येईल. प्रयोगशाळेतील गज्जर आणि माळावरचा अनाम परीट ह्यांच्यात साधनांचे अंतर पुष्कळ होते. परंतु ‘ज्याला जे योग्य ते’ हा विवेक दोघांचा एकच होता.

वस्तूंच्या शुद्धीकडून देहाच्या शुद्धीकडे वळले तरी हेच दिसते. मराठी घरांतील बाळगुटीचे उदाहरण घ्या. हळकुंड, सुंठ, वेखंड, मायफळ, जायफळ, बाळहिरडा, मुरुडशेंग, अतिविष, ज्येष्ठमध अशी द्रव्ये सहाणेवर उगाळून तान्ह्या मुलास चाटवण्याची ही चाल. तिच्यात माझ्या मते सर्वांत लक्षणीय वस्तू कोणती असेल तर ती कोणतीही मुळी नसून ‘वेढा’ हे माप होय. कोणते द्रव्य सहाणेवर किती वेढे उगाळायचे हे ठरलेले असे; मूल वाढेल तसे वेढे वाढत, पोट बिघडले की एखाद्याचा वेढा वाढे, झोप अधिक येऊ लागली की जायफळाचा कमी होई. घरात तराजू नव्हता, पण माप होते. आणि ते का हवे होते, हे आज अधिक स्पष्टपणे सांगता येते. जायफळ अधिक झाले तर गुंगी येते. वेखंडातील एका घटकाविषयी शंका आल्यामुळे अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास मनाई केली. आजचे बालरोगतज्ज्ञ तर पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये असे सांगतात, आणि ते ऐकणेच शहाणपणाचे आहे. परंतु आजची आई बाजारातून बाळगुटीचा तयार डबा आणते आणि अंदाजे चाटवते, तेव्हा ती परंपरा पाळीत नसते. परंपरेतील जो संयमाचा भाग होता, तोच त्या डब्यातून गळालेला असतो.

घरगुती औषधांना लिखित रूप देण्याचे मराठीतील प्रयत्नही विसरता येणार नाहीत. शंकर दाजी शास्त्री पदे ह्यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथ पिढ्यान् पिढ्या घराघरांतून वापरला गेला. असे ग्रंथ घरात होते तोवर शेजारणीच्या सांगण्याला निदान छापील पानाशी ताडून पाहता येत असे.

ह्या विद्येला मर्यादाही होत्या, आणि त्या सुरतेइतक्या कठोरपणे क्वचितच दुसऱ्या शहराने अनुभवल्या असतील. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला ह्या गावी गाठीच्या प्लेगाचे संशयित रुग्ण आढळले, आणि सप्टेंबरात तापीच्या पुरानंतर चिखल व कचरा साचलेल्या सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाची साथ पसरल्याचे जाहीर झाले. सुमारे पन्नास माणसे मृत्यू पावली, आणि काही दिवसांतच लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत आमच्या खानदेशातून पोटासाठी आलेली कुटुंबेही होती. कडुनिंबाचा पाला, कापूर, धूप ह्यांची धुरी देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तिने डास-माश्या दूर होतात, हवेला सुगंध येतो. पण फुप्फुसात शिरलेल्या जंतूचे ती काहीही करू शकत नाही. तो जंतू १८९४ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांपूर्वी, यर्सिन ह्याने हाँगकाँगमध्ये ओळखला होता. स्वतः गज्जरांनीही एकोणिसाव्या शतकाअखेरच्या प्लेगात आयोडिनचे एक संयुग औषध म्हणून योजून पाहिले होते. खरा उतारा मिळाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन ह्यांच्या रूपाने. १९९४ मध्ये सुरतेतील लोक औषधांच्या दुकानांपुढे रांगा लावून उभे राहिले ते टेट्रासायक्लिनसाठी, आणि ते योग्यच होते.

त्याहूनही मोठा धडा पुढच्या वर्षी मिळाला. १९९५ साली महापालिकेचे आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव ह्यांनी कचरा उचलण्याची, गटारे वाहती ठेवण्याची आणि अधिकाऱ्यांनी रोज सकाळी रस्त्यावर उतरून पाहणी करण्याची शिस्त बसवली. दोन वर्षांच्या आत शहराचे रूप पालटले. देशातील स्वच्छ शहरांच्या २०२३ च्या सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिले स्थान वाटून घेतले. येथेही पाहावे तर सूत्र तेच आहे. घरातील तांब्याच्या हंड्यास चिंच योग्य, रस्त्यावरील कचऱ्यास महापालिकेची गाडी योग्य आणि प्लेगाच्या जंतूस टेट्रासायक्लिन योग्य. एकाची जागा दुसऱ्याला दिली की श्रद्धेचे रूपांतर अपायात होते. आज मोरी धुताना ब्लीचिंग पावडरीवर अॅसिड ओतणारी माणसे विषारी क्लोरीन वायू निर्माण करतात, आणि कित्येकांना त्यामुळे रुग्णालयात जावे लागते. त्यांच्या हाताशी द्रव्ये आहेत, पण कोणते कशाजवळ नेऊ नये हे सांगणारी आजी नाही आणि बाटलीवरील बारीक अक्षर कोणी वाचत नाही.

आता प्रश्न उरतो तो ह्या ज्ञानाच्या नोंदीचा. त्याचे महत्त्व किती व्यावहारिक आहे हे हळदीच्या प्रकरणाने दाखवून दिले. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. ज्या देशात मुलाच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबणे हे कोणत्याही आईला शिकवावे लागत नाही, त्या देशाला हा प्रकार विलक्षण वाटला. परंतु पेटंट कचेरीपुढे ‘आमच्याकडे सर्वांनाच माहीत आहे’ एवढे म्हणून भागत नाही. तेथे लेखी पुरावा लागतो. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९६ साली ह्या पेटंटाला आव्हान दिले गेले. संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथांतील तसेच शास्त्रीय नियतकालिकांतील मिळून बत्तीस संदर्भ सादर झाले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात छापून आलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. त्यानंतर पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह सिद्ध करण्याचे काम २००१ साली सुरू झाले. ह्या लढ्यात विजय मिळाला तो कोणी तरी, केव्हा तरी, साधी माहिती कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून.

प्राचीन ग्रंथांतील ज्ञानाची अशी व्यवस्था झाली. पण परटाच्या भट्टीचे, कल्हईवाल्याच्या नवसागराचे आणि आईच्या सहाणेचे ज्ञान कोणत्याही संहितेत सापडत नाही. ते सापडते शब्दांत. मोल्सवर्थच्या मराठी कोशात किंवा १८७३ साली पूर्ण झालेल्या कवी नर्मदाशंकरांच्या ‘नर्मकोशा’त घरगुती जिनसांचे असंख्य शब्द टिकून राहिले आहेत. नर्मद तर सुरतेचाच. मराठी व गुजराती शब्द शेजारी ठेवले तर आणखी मौज दिसते. आपण ‘रिठा’ म्हणतो, गुजराती माणूस ‘अरीठा’ म्हणतो आणि संस्कृतातील ‘अरिष्ट’ शब्दाचा आद्य स्वर जपून ठेवतो. आपली ‘चिंच’ संस्कृत ‘चिञ्चा’वरून आली, तर त्यांची ‘आंबली’ ‘अम्लिका’वरून, म्हणजे तिच्या आंबटपणावरून. एकाच झाडाच्या दोन नावांपैकी एकेक नाव दोन शेजाऱ्यांनी वाटून घेतले आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा अशा भागांत राहणारी खानदेशी मुले घरात एक शब्द बोलतात व रस्त्यावर दुसरा, आणि ह्या संपत्तीची त्यांना जाणीवही नसते.

म्हणून शिक्षकबंधूंपुढे व परिषदेच्या सभासदांपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. प्रत्येक शाळेने आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून एक वही करवून घ्यावी. तिच्यात पाच रकाने असावेत : द्रव्य कोणते, कशासाठी, किती, कशाच्या आधी वा नंतर, आणि कोठे वर्ज्य. मी माझ्या शाळेत हा प्रयोग करून पाहिला आहे. पहिले दोन रकाने मुलांनी एका संध्याकाळी भरून आणले. तिसऱ्याशी ती अडखळली. चौथा व पाचवा बहुतेकांचे कोरेच राहिले. ते भरण्यासाठी त्यांना आजीला विचारावे लागले, काहींना गावी पत्र लिहावे लागले, आणि एका मुलीने आपल्या आजीकडून ‘चिंच आधी, राख मागून’ एवढेच चार शब्द लिहून आणले. ज्या दोन रकान्यांविषयी मी वर इतके लिहिले, त्यांतील एकात तिने अचूक भर घातली होती. अशा वह्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाने तपासाव्यात, प्रत्येक नोंदीपुढे शास्त्रीय कारण लिहावे, आणि जेथे समज चुकीची वा अपायकारक असेल तेथे तसे निःसंकोच नमूद करावे. त्यातील शब्द भाषाशिक्षकाने वेगळे काढावेत. एका जिल्ह्यातील दहा शाळांनी हे केले तरी परिषदेच्या संग्रही एक लहानसा कोश होईल.

सुरतेचे कापडही आता पूर्वीचे राहिलेले नाही. कापसाच्या जागी मुख्यत्वे कृत्रिम धाग्याचे कापड येथे तयार होते. त्याला भट्टीची वाफ लागत नाही, माळावरचे ऊन लागत नाही, लिंबाचे पाणीही लागत नाही. घरात साबणानंतर धुलाईची भुकटी आली. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल ह्यांनी सुरू केलेल्या निरमाने तर ती गरिबातल्या गरिबाच्या मोरीपर्यंत पोहोचवली. हे घडले म्हणून कोणी शोक करावा असे नाही. भट्टीवर रात्र काढणाऱ्या परटाचे व राखेने हात सोलून घेणाऱ्या बायकांचे कष्ट त्यामुळे कमी झाले. परंतु ज्या वृद्ध स्त्रियांच्या बोटांना अजून वेढ्यांची संख्या आठवते, त्या फार काळ आपल्यात राहणार नाहीत. त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या मापासह हे लिहून घेण्याचे काम अजून काही वर्षे शक्य आहे. ते शाळांनी ह्याच वर्षी हाती घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.